‘सुखात परिस्थितीचा वाटा फक्त १० टक्के’ म्हणे!

बाळीवेसकरीण
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका ‘लाइफ कोच’ची पोस्ट फिरत फिरत आली. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी सार: माणसाच्या सुखात ५० टक्के वाटा जन्मजात स्वभावाचा, १० टक्के परिस्थितीचा आणि उरलेले ४० टक्के आपल्या हातात. म्हणून घर, पगार, गाव यांच्या नावाने रडू नका. पहाटे पाचला उठा, वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा, आरशात बघून हसा. शेवटी खास आपल्यासाठी आहेर: ‘सोलापूरकर दुःखी नाहीत, त्यांना तक्रार करायची सवय लागली आहे.’ खाली हात जोडलेल्यांची रांग.

पहाटे पाचचं कौतुक मला सांगू नका. आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी यायचं ते त्याचं तेच ठरवतं. रात्री दोनला नळ फुसफुसायला लागला की आधी तांबूस पाणी, ते संडासच्या बादलीत. मग पाइप पिंपात, तोवर हंडे, कळशा, शेवटी कुकरसुद्धा. सासूबाई खुर्चीत बसून ‘भरलं का, भरलं का’. साडेतीनला आडवी होते आणि सातला शाळेत पहिला तास. त्या दिवशी मी पोरांवर विनाकारण खेकसते, हे मलाही कळतं. वहीत काय लिहू? ‘आज कुकर भरला’?

आता ते दहा टक्के. हा आकडा २००५ च्या एका लेखातला, ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्केड या तिघा संशोधकांचा. माणसामाणसांच्या सुखात जो फरक दिसतो तो कशामुळे, याचा तो अंदाज होता. एकेका माणसाच्या सुखाचे असे वाटे त्यांनी घातलेच नव्हते. आणि पाहणी झाली ती बहुतेक खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या अमेरिकन लोकांची. ज्या सगळ्यांच्याच घरी चोवीस तास नळ आहे त्यांना विचारलं, तर पाण्याचा वाटा शून्यच येणार की! त्या तिघांतल्याच दोघांनी २०१९ मध्ये ४० हा आकडा बहुधा जास्तच धरला गेला असं मान्यही केलं. ते अजून कोचच्या वर्गापर्यंत पोचलेलं नाही.

माझा राग वहीवर नाही. ‘तू सुखी नाहीस म्हणजे तुझंच काहीतरी चुकतंय’ हा जो सूर आहे ना, त्यावर आहे.

कंबर_तलाव_वॉकर
मॅडम, लेख छान, राग जरा जास्त. मी बँकेतून निवृत्त. सौ. गेल्या तेव्हा माझ्याकडे पेन्शन होती, स्वतःचं घर होतं, बोअरला पाणी होतं. तुमच्या हिशोबाने मी सुखी असायला पाहिजे होतो. कित्येक महिने तिचा चष्मा टीव्हीशेजारून उचलला नाही. जेवण म्हणजे कडक भाकरी चहात मोडून खायची. मुलगी म्हणाली, बाबा, रोज एक ओळ तरी लिहा. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘चहा बरा झाला’. हसा हवं तर. त्या ओळीतून पुढे तलावावर फिरायला जायला लागलो, तिथे चार टाळकी भेटली. आज मी उभा आहे तो त्या वहीमुळे.

हार्वर्ड विद्यापीठाचा माणसांच्या आयुष्यभराचा अभ्यास १९३८ पासून चालू आहे, सुरुवातीला ७२४ माणसं होती. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती तीच ऐंशीत जास्त धडधाकट निघाली. त्यात नळाचा उल्लेख माझ्या तरी वाचनात नाही. आणि लॉटरी लागलेला माणूस व अपघातात पाय गेलेला माणूस वर्षभरात पूर्वीइतकेच सुखी होतात, हे तर सिद्धच झालंय.

बाळीवेसकरीण
काका, काकूंचं वाचून वाईट वाटलं. चहाच्या ओळीला मी हसणार नाही.

पण लॉटरीचं सोडणारही नाही, कारण ते जो तो सांगतो. अभ्यास १९७८ चा. लॉटरीवाले २२, अपघाताने लुळे पडलेले २९. सध्या किती सुखी, याचे ५ पैकी गुण: लॉटरीवाले ४, लॉटरी न लागलेले ३.८२, अपघातवाले २.९६. सगळ्यांना एकदाच विचारलं, पुढे मागोवा घेतलाच नाही. २.९६ वर ‘पूर्वीइतकेच’ कसं म्हणता? बँकेत एवढा फरक चालवून घेतला असता का?

आणि हार्वर्ड तुमच्याच विरुद्ध जातंय. तुम्हाला त्या चार टाळक्यांनी उभं केलं. तलावाला फिरायला रस्ता आहे, तुम्हाला पेन्शन आहे, सकाळ मोकळी आहे, म्हणून ती भेटली. ही परिस्थितीच झाली की.

कंबर_तलाव_वॉकर
म्हणजे माझी वही तुम्ही महापालिकेच्या खात्यात जमा केलीत. छान.

माग_बंद
तुम्ही शिकलेली माणसं, भांडा. माझा बाप आयुष्यभर मागाची खटखट ऐकून कानानं गेला. आता त्याला काहीच ऐकू येत नाही, म्हणून लई शांत, लई सुखी म्हणायचं का बे? चार माग होते, भंगारात गेले. का गेले? पानिपतचा माल ‘सोलापुरी चादर’ म्हणून गावोगाव विकतात. जीआय, म्हणजे गावच्या मालाचं सरकारी मानांकन, मिळालंय म्हणे आपल्याला. ते काय अंथरायचं का पांघरायचं? इथं सुखाची चर्चा करणाऱ्या प्रत्येकानं आधी घरातल्या चादरीचं लेबल बघा आणि मग लिहा.

हिंजवडी_ते_होटगी
बघितलं. पानिपत. माफ कर अण्णा.

मूळ विषयावर: तुम्हाला सोलापुरात राहून कळत नाही तुमच्याकडे काय आहे. माझा पगार चांगला आहे, हप्ता त्याहून चांगला आहे. सोमवार ते शुक्रवार मुलगी मला झोपलेलीच दिसते. आई-बाबा होटगी रोडला एकटे, रोज व्हिडिओ कॉल, त्यात अर्धा वेळ ‘दिसतोय का, ऐकू येतंय का’. कानमन आणि डीटन या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवलं होतं की वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे पैशानं रोजचं मन फुलत नाही. तुमच्याकडे माणसं आहेत हो. बोलावलं की शेजारी येतो.

बाळीवेसकरीण
तेच कानमन २०२३ मध्ये किलिंग्जवर्थ या दुसऱ्या संशोधकाबरोबर बसले आणि निघालं असं की बहुतेकांचं सुख त्यापुढेही वाढतच जातं. जे आधीच फार दुःखात आहेत त्यांचंच एका टप्प्यावर अडतं. आणि माणसं हवीत तर ये की परत. घर आहे, आई-बाबा आहेत, पाण्याच्या रात्री एक हात वाढेल त्यांना.

हिंजवडी_ते_होटगी
परत येऊन काय करू? सोलापुरात माझ्या कामाची कंपनी दाखवा, उद्या सामान बांधतो. हेच तर म्हणतोय मी.

बाळीवेसकरीण
हेच तर मी पण म्हणतेय!! परिस्थिती!!

शेवटचं_घर
मॅडम, तुमचा कुकर तरी भरतो. आम्ही लाइनीच्या टोकाला. नळाला करंगळीएवढी धार, ती पण शेवटची वीस मिनिटं. का, तर खालच्या आळीतले महाभाग थेट नळाला मोटार लावून सगळं खेचतात. त्यांच्या टाक्या गच्चीवरून सांडतात, आमच्याकडे हंडा अर्धा. आणि सकाळी हीच माणसं ग्रुपवर ‘शुभ सकाळ, समाधानी रहा’ टाकतात.

खालची_आळी
रोख कळला. मोटार सगळे लावतात. न लावणारा माणूस या शहरात दाखवा, त्याचा सत्कार करू. माझ्या घरी वडील अंथरुणाला खिळलेत, दिवसाला तीनदा चादरी धुवाव्या लागतात. तुम्ही येऊन धुणार का?

शेवटचं_घर
माझ्याकडे पण म्हातारी आहे. तिला कोरडं ठेवायचं का मग?

खालची_आळी
मोटार नाही लावली तर पुढचा लावणार. तुम्हाला थेंब जास्त मिळणार नाही. उगाच मला चोर ठरवू नका.

शेवटचं_घर
चोर मी म्हणालोच नाही. तुम्हीच म्हणालात.

माग_बंद
उजनी भरली तरी ओरड, रिकामी झाली तरी ओरड. समांतर जलवाहिनीचं ऐकत ऐकत माझे केस पांढरे झाले बे.

चावडी_संचालक
पाण्यासाठी वेगळा धागा काढा. इथे विषय मानवी सुख असा आहे.

शेवटचं_घर
संचालकांना रोज पाणी येत असावं.

शेंगा_चटणी
जरा हलकं घ्या. जागतिक सुख अहवालात फिनलंड २०१८ पासून जगात सगळ्यात सुखी. तिथे हुरडा नाही, सिद्धेश्वराची गड्डा जत्रा नाही, जानेवारीत धड ऊन नाही. नेमकं मोजतात तरी काय?

अर्थशास्त्राचा_मास्तर
एकच प्रश्न विचारतात: शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, तुमचं आयुष्य कुठल्या पायरीवर? हसताय का, नाचताय का, याची ती क्रमवारी नाही. २०२५ मध्ये १४७ देशांत आपण ११८ वे. गड्ड्यातल्या नंदीध्वजापुढे नाचणाऱ्याला त्या क्षणी विचारलं तर दहा सांगेल, तोच माणूस घरी येऊन नळ बघून चार सांगेल. दोन्ही उत्तरं खरी.

विडीघरकुलची_लेक
‘तुमच्याकडे माणसं आहेत’ ऐकून ऐकून कान किटले. आमची अम्मा विड्या वळायची. दारात चार बायका सुपं मांडीवर घेऊन बसलेल्या, तेलुगूत गाणी चाललेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, किती आनंदी बायका. दिवसाला हजार वळायच्या, मान वर करायची नाही, पानं भिजवायची, कापायची. संध्याकाळी कारखान्यात दिल्या की त्यातल्या मूठभर नाकारून बाजूला, त्यांचे पैसे नाहीत. गाणी होती कारण हात थांबले तर चालत नव्हतं.

भाड्याच्या एका खोलीत आम्ही सगळे, जमीन मातीची, पावसात पोपडे निघायचे. २००६ ला कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं झाली, त्यात आमचं एक. अम्मा आत गेली आणि आतून कडी लावून घेतली. आम्ही बाहेर दार वाजवतोय, उघडेना. अण्णाला वाटलं काही झालं. ती नुसती बसली होती, फरशीवर पाय पसरून. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात आतली कडी होती.

आणि हेही लिहिते, कारण मला ओवाळणी नको: वर्षभर ती जुन्या गल्लीतल्या बायकांसाठी रडली. त्या विखुरल्या. गावात यायचं म्हणजे रिक्षाचे पैसे. म्हणून काकांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण ज्यानं कडी कधी मोजली नाही त्यानं टक्केवारी सांगू नये.

कंबर_तलाव_वॉकर
ताई, ही पोस्ट दोनदा वाचली.

गोळी_चालू
वहीवाले आणि नळवाले, दोघांनाही नमस्कार. माझी परिस्थिती बरी होती. नाती बरी होती. वही पण घेतली होती, चांगल्या कागदाची. तरी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकता येत नव्हता. भाऊ म्हणाला सिद्धेश्वराला जाऊन ये, मित्र म्हणाला जिम लाव, काकू म्हणाल्या लग्न लावा. शेवटी डॉक्टरांनी गोळी दिली आणि हळूहळू पाय खाली आला. मी तक्रारखोर नव्हतो, आजारी होतो. तुमच्या दोन्ही बाजूंच्या भाषणात आमच्यासारख्यांना जागाच नाही. कुणाला गरज असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात.

बाळीवेसकरीण
मान्य. यावर मी वाद घालणार नाही.

शेंगा_चटणी
इतिहासात नोंद करा.

अर्थशास्त्राचा_मास्तर
संचालकांची माफी मागून पुन्हा पाण्यावर येतो, कारण भांडण विषयाबाहेर गेलंय असं मला वाटत नाही. मोरोक्कोत टँजिअर शहरात नेमका हाच प्रयोग झाला. एस्थर दुफ्लो (२०१९ चं नोबेल मिळालेल्या) आणि सहकाऱ्यांचा निबंध, २०१२ चा. जी कुटुंबं सार्वजनिक नळावरून फुकट पाणी भरायची त्यांच्यापैकी काहींना घरात नळ घेणं सोपं करून दिलं, हप्त्याने. पाण्याचं बिल वाढलं. पोरांचे जुलाब कमी झाले नाहीत, कारण आधीचं पाणीही स्वच्छच होतं. कमाई वाढली नाही. तरी ती माणसं आयुष्यावर जास्त समाधानी झाली. वेळ मोकळा झाला, तो लोकांकडे जाण्यायेण्यात आणि आरामात गेला, आणि शेजाऱ्यांशी पाण्यावरून होणारी भांडणं घटली.

ताईंच्या फरशीचंही तसंच. मेक्सिकोत सरकारने मातीच्या जमिनींवर सिमेंट घालून दिलं, २००९ चा निबंध आहे. त्या घरांतल्या आयांमध्ये नैराश्य आणि ताण कमी निघाला.

म्हणजे ‘नाती की नळ’ असा प्रश्नच चुकीचा. शेवटच्या घराचं खालच्या आळीशी नातं कशाने नासलंय, ते इथेच वर वाचा.

कंबर_तलाव_वॉकर
ठीक आहे. मोरोक्को मान्य, मेक्सिको मान्य, मॅडमचे २.९६ पण मान्य. उद्यापासून वहीत ‘महापालिका’ असा स्वतंत्र रकाना पाडतो. पण कोचला एवढं झोडपताना हे लक्षात ठेवा, उद्या चोवीस तास पाणी आलं तरी संध्याकाळी साडेसातला ते रिकामं घर माझ्यासमोर असणारच आहे. त्याचं टेंडर निघत नाही.

बाळीवेसकरीण
काका, या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कोचला मात्र झोडपणारच.

शेवटचं_घर
मास्तर, निबंध नंतर वाचतो. खालच्या आळीने मोटारीचं काय ठरवलं तेवढं कळू द्या.

खालची_आळी
पाणी सुटल्यावर पहिला अर्धा तास मोटार लावणार नाही. फक्त मी, बाकीच्यांची हमी मी घेत नाही. वडिलांना जास्त झालं तर तेही जमणार नाही, आधीच सांगतो. आणि तुमच्या टोकाच्या कॉकला गळती आहे, तिच्यावर तुम्ही गोणपाट बांधून ठेवलंय, ते आधी दुरुस्त करा.