मदत हवी आहे: आईबाबांना घेऊन युटाची ग्रुप टूर

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आईबाबा पुण्याहून आमच्याकडे डेन्व्हरला येतायत. सगळ्यांनी मिळून गाइडेड ग्रुप टूरने मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज आणि शेवटी ब्राइस-झायन करायचं चाललंय. गाडी मला चालवायची नाही, हेच मोठं सुख!

घोडं अडलंय बाबांच्या गुडघ्यांपाशी. मोआबजवळच्या आर्चेस नॅशनल पार्कमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीपर्यंत जाऊन-येऊन जवळपास पाच किलोमीटर, बराचसा चढ उघड्या तांबड्या कातळावरून, सावली नावालाही नाही. खाली व्ह्यूपॉइंट आहे, पण तिथून कमान लांबवर, इवलीशी दिसते. बाकीचा ग्रुप वर गेला की मागे राहिलेल्यांना निदान तिथे तरी नेतात का, की बसमध्येच बसवून ठेवतात?

पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत तिथल्या नावाहो जमातीच्या गाइडशिवाय सोडतच नाहीत, ते ठीक. तिच्या 'लोअर' भागात लोखंडी शिड्या आहेत, म्हणून 'अप्पर' भाग मागणार आहे. पण त्यातून बाहेर पडतानाही आता पायऱ्या लागतात म्हणे. बाबांना जमतील का?

ब्राइस कॅन्यनचा कडा अडीच हजार मीटरच्या आसपास, एप्रिलमध्ये रात्री पारा शून्याखाली. पुण्याचे स्वेटर पुरतील की थर्मल घेऊच?

आणि टूरवाले 'व्हेज मिळेल' म्हणतात तेव्हा ताटात नेमकं काय येतं? आई मेतकूट आणि दशम्या बांधून घेईलच, पण रोज तेच कसं खाणार? ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा. बुकिंग या आठवड्यात करायचंय.