मागची ट्यूब सरकते, रिम लॉक टाकू का?

भाऊ लोकं, हिरोची एक्सपल्स २०० बाईक आहे, नागपूरजवळ हिंगण्याकडच्या मुरमात हवा १५ पीएसआयवर आणली की मागचा टायर रिमवर फिरते नं व्हॉल्व्ह तिरपा होते, दोनदा मुळातूनच फाटला. जाड ट्यूब टाकू का रिम लॉक (टायर रिमला दाबून धरणारा क्लॅम्प)?

— दोघांचं काम वेगळं आहे राजा. ३-४ मिमीची जाड ट्यूब दगडावर चिमटून पंक्चर होण्यापासून वाचवते, टायर फिरणं नाही थांबवत, त्याले रिम लॉकच पाहिजे. रिमवर रुंदी इंचात कोरलेली असते, १.८५, २.१५ अशी, त्याच मापाचा लॉक घे.

— व्हॉल्व्हचा नट रिमला कसू नको बे! वर टोपीला टेकवून ठेव, ट्यूब सरकली की दिसते.

— लॉकच्या वजनानं वर्धा रोडवर वेगात चाक थरथरते पण, रिमवर लॉकच्या बरोबर उलट्या बाजूला वजन लावजो.