शिबिराच्या शेवटच्या रात्री मुलांकडून ‘देवाचा संकल्प’ लिहून घ्यावा का?

नगरची संडेस्कूल टीचर

जय ख्रिस्त. मी चौदा वर्षं संडे स्कूल (चर्चमधली मुलांची रविवारची शाळा) घेते, त्यातली शेवटची सहा आठवी ते बारावीच्या मुलांची. मे महिन्याच्या शिबिराबद्दल बरेच दिवस मनात आहे ते मांडते.

शेवटच्या रात्री दिवे मंद होतात, कीबोर्ड हळू वाजत असतो, वक्ते बायबलमधलं यिर्मया 29:11, म्हणजे ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो’ हे देवाचं वचन, वाचतात आणि मुलांच्या हातात एक कार्ड येतं. ‘देवाचा माझ्यासाठी संकल्प’ असं वर छापलेलं. खाली दोन ओळी मोकळ्या आणि सहीला जागा. तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या दहावीच्या एका मुलाने त्यावर ‘मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) होणार’ असं लिहिलं. रडत लिहिलं, मनापासून लिहिलं. घरी वडिलांची रिक्षा, पाठीवर दोन बहिणी. निकालानंतर त्याने पॉलिटेक्निकला नाव घातलं आणि चर्चला येणं बंद केलं. मला वाटलं, नवे मित्र असतील. दोन वर्षांनी बसस्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, “टीचर, मी देवाला दिलेला शब्द मोडलाय. कुठल्या तोंडाने येऊ?”

दोन वर्षं ते पोर हे ओझं एकटं वाहत होतं आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता.

आपण 29:11 वाचतो, पण त्याच अध्यायाचं पाचवं वचन मुलांना वाचून दाखवत नाही. तो अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र, बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्यांना सांगितलं होतं की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा. आणि सत्तर वर्षं थांबा. देवाचा संकल्प त्या लोकांना रोजच्या कामातून जगायचा होता, एका रात्रीत ओळखून सही करायचा नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की ही कार्डं बंद करावीत.

पाळकाचा मुलगा, आता पाळक

टीचर, त्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे.

माझं पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, अशाच एका रात्री झालं. वय सोळा. त्या रात्री कुणी विचारलंच नसतं तर मी आज काय असतो ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याबरोबरचे तिघे तिकडेच गेले. बायबलमधला शमुवेल, देवाने हाक मारली तेव्हा, मंदिरात झोपलेला लहान मुलगाच होता. देवाने त्याला ‘आधी मोठा हो’ असं म्हटलं नाही. गालीलाच्या किनाऱ्यावर येशूने बोलावताच शिमोन आणि अंद्रिया या कोळ्यांनी जाळी तिथल्या तिथे सोडली.

आणि वय कच्चं म्हणता, तर आठवीच्या पोराला लातूरच्या क्लासला टाकताना आईबाप काय करतात? ‘तू डॉक्टर होणार’ हे तेराव्या वर्षी ठरतं, घरावर कर्ज निघतं. त्याला कुणी घाई म्हणत नाही. मोबाइल तर दिवसातून शंभर वेळा त्याला सांगतो की तू कसा दिसावास आणि तुला काय हवं असावं. सगळं जग पोरांकडून सही घेतंय, आणि मंडळीनेच (चर्चनेच) तेवढं गप्प बसायचं?

वसईकर

आम्हा कॅथलिकांकडे शिबिरापेक्षा दृढीकरणाला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करायच्या विधीला, महत्त्व. तयारीचे वर्ग असतात, बिशप येतात, प्रत्येक मुलामागे एक धर्मपिता किंवा धर्ममाता उभी राहते. कागदावर व्यवस्था सुंदर आहे. प्रत्यक्षात धर्मपिता म्हणजे फोटोत दिसणारे काका, नंतर थेट लग्नात भेटतात.

पण पाळकसाहेब, घाईबद्दल एक सांगतो. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. लहानपणी जेज्वीटांकडे (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, धर्मशिक्षक म्हणून राबले. जेज्वीट व्हायची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग काय केलं? व्यापार! चांगला चाललेला व्यापार. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे बंधू झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मरण पत्करलं. पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती कार्ड दिलं असतं तर त्यांनी ‘जेज्वीट’ लिहिलं असतं, आणि व्यापाराची सगळी वर्षं स्वतःला शब्द मोडणारा समजून काढली असती. त्या वर्षांत शिकलेली भाषा आणि जोडलेली माणसं पुढे सेवेत कामाला आली. मला तरी ती वर्षं वाया गेलेली वाटत नाहीत.

दोन मुलींची आई, पुणे

मला वेगळीच भीती आहे, ती मुलींबद्दल. ‘देवाची इच्छा’ हा शब्द आमच्या घरांत बहुतेक वेळा मोठ्यांच्या इच्छेला लावतात. डी.एड. कर, देवाची इच्छा आहे. हे स्थळ आलंय, प्रार्थनेत उत्तर मिळालंय. पोरगी नाही म्हणाली तर ती वडिलांना नाही, देवाला नाही म्हणते असं होतं. मग ती काय बोलणार?

पंडिता रमाबाईंचं नाव आपण दर महिला-रविवारी घेतो. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा. पण तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनीच साक्षीत सांगितलंय. त्या मधल्या काळात त्यांनी इंग्लंडमधल्या ज्येष्ठ सिस्टरांशी पत्रांतून हुज्जत घातली, प्रश्न विचारले, ऐकून घेतलं नाही. शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा त्याच काळातली, 1889 ची. माझ्या मुलीने असे प्रश्न संडे स्कूलमध्ये विचारले तर ‘विश्वासात कमी आहेस’ म्हणून घरी चिठ्ठी येते. आली आहे.

पाळकाचा मुलगा, आता पाळक

ताई, ती चिठ्ठी चुकीची होती. आमच्याकडून असं होतं, मी नाकारत नाही.

पण रमाबाई आणि गोन्सालो, दोघंही शोधत निघालेली माणसं. आपल्या मुलांचं तसं नाही. ती बाकावरच जन्मली. आजोबांचं नाव चर्चच्या भिंतीवर, ख्रिसमसला नवे कपडे, गीतं तोंडपाठ. त्यांना कधी निवडावंच लागलेलं नाही. म्हणून तर निर्णयाची वेळ आणावी लागते. कार्ड वाईट असेल, पण प्रश्न विचारायचा थांबवला तर ही पोरं चाळिशीतही आजोबांच्याच विश्वासावर बसून राहतील.

मिरजेची नर्सिंगवाली, वय 19

मोठ्यांच्यात बोलतेय, माफ करा. माझ्याकडे ते कार्ड आहे, बायबलमध्येच ठेवलंय. नववीत ‘आजाऱ्यांची सेवा’ लिहिलं होतं. त्या रात्री मला कुणी जबरदस्ती केली नाही आणि मी खोटंही लिहिलं नाही.

माझी तक्रार दुसऱ्या दिवसापासूनची आहे. बस नगरला आली, सगळे उतरले, आणि त्यानंतर एकाही मोठ्या माणसाने विचारलं नाही की तू काय लिहिलं होतंस. फॉर्म कुठे भरायचा ते मी सायबर कॅफेवाल्याला विचारलं. पहिल्या वर्षी वॉर्डात माझ्यासमोर एक लहान बाळ गेलं. रात्री होस्टेलच्या गच्चीवर बसून मला वाटलं की देवाने मला नाही बोलावलं, माझंच काहीतरी चुकीचं ऐकू आलं. फोन करावा असं एकही नाव आठवलं नाही. शमुवेलाची गोष्ट पाळकसाहेबांनी काढली म्हणून सांगते, हाक ऐकून शमुवेल तीनदा उठून मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे गेला. एली तिथे होता. नजर अधू झालेली, घरात पोरांनी नाव घालवलेलं, तरी तो तिथेच होता आणि त्याला कळलं की हाक कुणाची आहे. आमच्याकडे हाक मारायचा कार्यक्रम असतो, एली नसतो.

नगरची संडेस्कूल टीचर

बेटा, तू वॉर्डातलं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तुझी बस ज्या शिबिराची, त्यात कदाचित मीही असेन.

पाळकसाहेब, तुमचा आजोबांच्या विश्वासाचा मुद्दा मला पटला. पण ‘काय होणार’ हे विचारणं आणि ‘कोणाच्या मागे जाणार’ हे विचारणं, यांत फरक करा. दुसरा प्रश्न पंधराव्या वर्षी विचारा, जरूर विचारा. पहिल्याचं उत्तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचंही बदलत गेलं. 1895 ला बाप्तिस्मा, मग मिशनचं काम, पाळकपणाची दीक्षा, आणि पंचावन्न ओलांडल्यावर 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा. एवढ्या मोठ्या माणसाला एवढी वर्षं लागली, आणि आपण दहावीच्या पोराला कीबोर्डची एक चाल संपेपर्यंत वेळ देतो.

एक सुचवते. कार्ड ठेवायचंच असेल तर त्याच्या मागच्या बाजूला दुसरी सही हवी, मंडळीतल्या एका मोठ्या माणसाची. वर्षभर महिन्यातून दोनदा त्या मुलाला भेटेन, परीक्षेच्या काळातही, त्याने मत बदललं तरीही, अशी. शिबिरात चाळीस मुलं असतील आणि सही करणारे बाराच मिळाले, तर त्या वर्षी बाराच कार्डं वाटायची. बाकीच्यांना वचन वाचून दाखवा, पाचव्यापासून.

रिक्षावाल्यांचा मुलगा परवा आमच्या घरी जेवायला आला होता. चर्चला अजून येत नाही. मी विचारलंही नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टबद्दल तासभर बोलला.

पाळकाचा मुलगा, आता पाळक

बारा कार्डांचं मला मान्य नाही. ज्याला सही मिळाली नाही तो तेरावा मुलगा त्या रात्री काय समजेल? मी ती रात्र रद्द करणार नाही.

मागच्या सहीचं मान्य आहे. तीन मुलांसाठी माझी धरा. मिरजेच्या मुलीला माझा नंबर हवा असेल तर टीचरकडे देतो, पत्नीचाही देतो. रात्रपाळी असली तरी चालेल.