कोनफ्लॉवर बियांपासून: खान्देशात पेरायचं कधी आणि फुलांची वाट कधी बघायची?

परसदार_धुळे

राम राम मंडळी. घरामागे जेमतेम 12 बाय 8 फूट जागा आहे. माती काळी, पाणी बोअरचं आणि जड, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो असं. जांभळ्या कोनफ्लॉवरच्या, म्हणजे एकिनेशियाच्या 'मॅग्नस' वाणाच्या 50 बिया आणल्या होत्या. मृगाचा पाऊस पडल्यावर 20 बिया कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) साधारण 1 सेंमी खोल टाकल्या. उगवल्या पाच. त्यातली चार रोपं आठवडाभरात मातीलगत सुतासारखी बारीक होऊन आडवी झाली, पाचवं पिवळं पडून गेलं. आता 30 बिया आहेत, त्या वाया घालवायच्या नाहीत.

विचारायचं हे: बी आधी फ्रिजमध्ये ठेवावंच लागतं का? पेरणी कधी करावी? आणि हिवाळ्यात शेवंतीबरोबर फुलं येतील का?

गिरणाकाठ

दादा, चार रोपं गेली ती मर रोगाने. ओलं कोकोपीट, ढगाळ हवा आणि वारा नाही, असं जुळलं की पिथियमसारख्या बुरशा खोड मातीलगत कुजवतात. आडवं झालेलं रोप परत उभं राहत नाही. उगवण कमी होण्याचं मोठं कारण खोली. हे बी 3-4 मिमी लांबीचं असतं, त्यावर 3 मिमीपेक्षा जास्त थर नको. उजेड लागला तर उगवण सुधारते. म्हणून बी ठेवायचं, बोटाने हलकं दाबायचं आणि चिमूटभर बारीक कोकोपीट भुरभुरायचं, बस.

फ्रिजचं म्हणाल तर ठेवाच. हे झाड उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळांचं. तिकडे बी शरदात गळतं, थंडीभर ओल्या मातीत पडून राहतं आणि वसंतात उगवतं. त्यातली सुप्तावस्था ओल्या थंडीने मोडते. कोरडं बी नुसतं फ्रिजमध्ये ठेवून हे काम होत नाही.

पद्धत अशी. धुतलेली बारीक वाळू किंवा कोकोपीट घ्या, पाण्याने ओलं करा आणि मुठीत दाबून बघा. थेंब पडला तर जास्त ओलं. गोळा झाला आणि थेंब पडला नाही, तर बरोबर. बियांच्या तिप्पट एवढं घेऊन त्यात बी मिसळा, झिपच्या पिशवीत भरा, तारीख लिहा आणि खालच्या भाजीच्या कप्प्यात 4 आठवडे ठेवा. तिथे 4-5 अंश हवेत. बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, ओलं बी गोठलं की आतला अंकुर मरतो. दोन-तीन तास वीज गेली तर बिघडत नाही. दर आठवड्याला पिशवी उघडून हवा द्या. बुरशीचा वास आला तर बी धुऊन नव्या वाळूत घाला, आणि पांढरं मूळ डोकावलेलं दिसलं तर 4 आठवड्यांची वाट न बघता ते बी त्याच दिवशी पेरा.

गच्चीबाग_भुसावळ

गिरणाकाठभाऊंची पद्धत बरोबर आहे, पण 'ठेवाच' हे सगळ्या जातींना लागू नाही. ज्यांची पानं अरुंद, त्या अँगुस्टिफोलिया आणि पॅलिडा या जातींना थंडी हवीच. जांभळ्या पर्पुरियाचे बागेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले वाण, त्यात मॅग्नसही आला, बरेचदा थंडीशिवाय उगवतात. फक्त एकसारखे उगवत नाहीत, आज दोन, दहा दिवसांनी तीन असं चालतं.

तेव्हा अंदाज कशाला बांधायचा? 10 बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून डबीत ठेवा. घरातली जागा 20 ते 24 अंशांची हवी, सध्या माठाजवळची किंवा जिन्याखालची बघा. 15 दिवसांत 6-7 फुटल्या तर फ्रिजची गरज नाही. 2-3 फुटल्या तर उरलेल्या 20 पिशवीत घाला. फुटलेल्या बिया टाकू नका, मूळ अर्ध्या सेंमीपर्यंत असतानाच चिमट्याने उचलून पेरा.

आणखी एक बघा. पर्पुरियाचं बी मळकट पांढरं, चौकोनी आणि खाली निमुळतं असतं. वरच्या टोकाला तपकिरी पट्टा असेल तर ते बहुधा दुसऱ्या जातीचं. काळं, सुईसारखं बारीक असेल तर ते कोनफ्लॉवरच नाही. नखाने दाबून बघा, चपटं होतं ते पोकळ.

तापी_ते_पांझरा

बी उगवेल हो. खान्देशात हे झाड अडतं ते पुढे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नात खरी गोम आहे. हिवाळ्यात फुलं येणार नाहीत. शेवंती दिवस लहान झाला की कळ्या धरते, कोनफ्लॉवरचं उलटं. त्याला साधारण 13-14 तासांचा दिवस लागतो. आपल्याकडे डिसेंबरात दिवस 11 तासांहूनही लहान. 21 जूनचा सगळ्यात मोठा दिवस सुमारे 13 तास 20 मिनिटांचा. 13 तासांच्या वरचे दिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच मिळतात. म्हणजे थंडीभर मुळ्यासारखा जमिनीलगत पानांचा झुबका राहणार, मेअखेरीपासून दांडा निघणार आणि फुलं जूनअखेर ते ऑगस्ट. आपल्यासाठी हे पावसाळी फूल आहे असंच धरा आणि मागे मोजत या.

घटस्थापनेला बी फ्रिजमध्ये. दिवाळीच्या आसपास, रात्री 16-18 अंशांवर आल्या की पेरणी. ऑक्टोबर हीटमध्ये घाई नको. उगवायला 10 ते 20 दिवस. दोन खरी पानं आली की 4 इंची पिशवीत, आणि संक्रांतीच्या सुमाराला 5-6 पानांचं रोप जागेवर. मग मूळ धरायला जानेवारी आणि फेब्रुवारी मिळतात. हे दोन महिने फार मोलाचे आहेत. फेब्रुवारीत लावलेलं रोप मूळ उतरायच्या आत 42 अंशांना सापडतं, मग कितीही पाणी घाला, दुपारी माना टाकतं. आणि लोक कोमेजलेलं बघून आणखी पाणी घालतात, त्यात मूळ कुजतं. संध्याकाळी 7 ला बघा. तेव्हाही मलूल असेल तरच पाणी.

जागा पूर्वेची निवडा, सकाळी 11-12 पर्यंत ऊन आणि नंतर भिंतीची सावली. होळीपासून मृगापर्यंत 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट, तीही झाडावर टेकवून नाही, दोन-अडीच फूट उंच. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला एखादा दांडा लवकर निघाला आणि रोप अशक्त असेल तर तो खुडून टाका. पहिल्या उन्हाळ्यात फुलापेक्षा मूळ जगवणं महत्त्वाचं, कारण हे झाड बहुवर्षायू आहे आणि दुसऱ्या वर्षीच भरून फुलतं.

कुणाला पावसाळ्याआधीच फुलं हवी असतील तर एक उपाय आहे. किमान 8 पानांच्या रोपांवर जानेवारीअखेरीपासून रोज रात्री 10 ते 2 एलईडीचा 9 वॅटचा बल्ब साडेतीन फुटांवरून लावायचा. मोठी रात्र मधेच तुटली की झाडाला दिवस मोठा वाटतो. अडीच-तीन महिन्यांत फुलं येतात. टायमर लावा, रोज उठून होत नाही.

परसदार_धुळे

बापरे, दिवसाच्या लांबीचं कुणीच सांगितलं नव्हतं. भुसावळकरांनी सांगितल्याप्रमाणे 10 बिया टिश्यूत ठेवल्या होत्या. आज 16 वा दिवस, 4 फुटल्या. त्या चार ट्रेमध्ये लावल्या, उरलेल्या 20 आजच पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतो.

आता माती. काळ्या मातीत नुसती वाळू मिसळून चालेल का? पाचवं रोप पिवळं पडलं होतं, त्याच्या शिरा मात्र हिरव्या होत्या. ते पाण्यामुळे का?

गिरणाकाठ

थोडी बारीक वाळू काळ्या मातीत घातली तर विटेसारखं घट्ट होतं. वाफा वर उचला. 4 बाय 3 फुटांचा, 25 सेंमी उंच वाफा भरायला साधारण 20 घमेली लागतात. त्यात चाळलेला वाटाण्याएवढा मुरूम 9, काळी माती 6 आणि दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत 5. एवढ्यात दीड फुटाच्या अंतराने 6 रोपं बसतात, जास्त कोंबू नका. गर्दीत पानं ओली राहतात आणि श्रावणात भुरी-ठिपके येतात. पानं जिथून फुटतात तो मध्य मातीच्या पातळीलाच ठेवा. तो गाडला गेला की पावसाळ्यात रोप आतून सडतं आणि ओढलं की हातात येतं. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याची कुट्टी 5 सेंमी जाडीने पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांवर, म्हणजे लोह मिळत नाही. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे आणि जड पाण्यामुळे मुळांना घेता येत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह, मातीतून द्या. ईडीटीएवालं चुनखडी मातीत टिकत नाही, पैसे वाया. तातडीला 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर, 10 दिवसांनी पुन्हा. रोपवाटिकेच्या दोन महिन्यांत शक्य असेल तर साठवलेलं पावसाचं पाणीच वापरा. घरच्या आरओचं बाहेर सोडलेलं पाणी चालत नाही, त्यात क्षार उलट जास्त असतात.

कोकोपीट विकत आणलं की तीनदा भिजवून पिळा, त्यातही मीठ असतं. पेरणीआधी किलोभर मिश्रणात 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (मर रोगाच्या बुरशांना आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळा. पाणी ट्रेच्या खालून, परातीत उभं करून 15 मिनिटं. वरचा थर सुकून फिका दिसला की मगच पुन्हा.

तापी_ते_पांझरा

खताचं राहिलं. दोन खरी पानं आल्यावर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला 1 ग्रॅम, पंधरवड्याने. जागेवर लावल्यावर शेणखतावरच ठेवा. युरिया दिला की दांडे लांब, पोकळ होतात आणि पहिल्याच वादळी पावसात आडवे पडतात. ठिबक असेल तर झाडामागे तासाला 2 लिटरचा एक ड्रिपर, उन्हाळ्यात रोज सकाळी पाऊण ते एक तास. पावसाळ्यात बंद.

तुडतुड्यांकडे लक्ष असू द्या. आसपास कपाशी आणि वांगी असतातच. वांग्याला जो बोकड्या होतो, पानं बारीक होऊन गुच्छ बनतो, तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या तसल्याच फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे कोनफ्लॉवरच्या पाकळ्या हिरव्या होतात आणि फुलाच्या बोंडातून पानांचे झुपके निघतात. दिसायला मजेशीर असतं म्हणून लोक ठेवतात. ठेवू नका. औषध नाही, मुळासकट उपटून जाळा. आधीपासून पिवळे चिकट सापळे आणि 10,000 पीपीएमचं निंबोळी अर्क लिटरला 2 मिली, दर 10 दिवसांनी संध्याकाळी.

गच्चीबाग_भुसावळ

20 पैकी 10-12 जरी उगवल्या तरी दादांचा वाफा भरतो. सहाच लावा, बाकीची 12 इंची कुंड्यांत राखीव ठेवा, उन्हाळ्यात एखाद-दोन रोपं जातातच.

पुढे बी धरायचं असेल तर वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली किमान दोन झाडं एकाच वेळी फुललेली हवीत. एका झाडाचा पराग त्याच झाडावर चालत नाही, बोंड भरलेलं दिसतं पण आत नुसता कोंडा. बोंड काळपट, टोचरं झालं आणि दांडा वाळला की कापा. पावसाची झड असेल तर कागदी पिशवीत उलटं टांगून घरात वाळवा. हातमोजे घाला, बोटांत काटे शिरतात. आणि निळ्या कोनफ्लॉवरच्या बिया कुणी ऑनलाइन विकत असेल तर घेऊ नका, त्या झाडात खरा निळा रंग नसतोच.