विषय: दिवाळीत गावी गेल्यावर ब्रेक कॅलिपर रंगवायचे आहेत

प्रेषक: दर्यापूरकर (टोरांटो)

नमस्कार मंडळी,

दिवाळीला दर्यापूरला जातोय. घरच्या स्विफ्टला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. पुढचे दोन्ही कॅलिपर (ब्रेक दाबल्यावर डिस्कला पॅड आवळणारे भाग) गंजून तांबडे झालेत, ते अंगणातच रंगवायचा विचार आहे. स्प्रेचा डबा विमानात नेता येत नाही, त्यामुळे रंग तिकडेच घ्यावा लागेल. तालुक्याच्या दुकानात सायलेन्सरला लावतात तो ६०० अंशांचा चंदेरी रंग सहज मिळतो. तो चालेल का? रंग चार-पाच पावसाळे टिकावा एवढीच अपेक्षा आहे.

प्रेषक: पुसदची ताई (डेट्रॉइट)

दादा, सायलेन्सरचा रंग कॅलिपरला लावू नका. सिलिकोनवर बनलेले हे चंदेरी रंग साधारण २०० अंशांपर्यंत तापवल्यावरच नीट पक्के होतात. सायलेन्सर स्वतःच तेवढा तापतो, म्हणून तिथे काम होतं. कॅलिपर तेवढा तापत नाही आणि तापूही नये. त्याच्या आत ब्रेक ऑइल असतं. त्यातल्या डॉट ३ प्रकाराचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. ओलावा शोषून जुनं झालं की हेच आकडे १४० आणि १५५ धरतात. चिखलदऱ्याचा घाट उतरताना कॅलिपर २०० ला टेकला, तर रंगाआधी ब्रेकची काळजी करावी लागेल. म्हणजे तो चंदेरी रंग कॅलिपरवर कायम कच्चाच राहणार आणि नखाने निघणार.

डब्यावरचा तापमानाचा आकडा बघून रंग निवडणं ही यातली सगळ्यात मोठी चूक आहे. कॅलिपरचा रंग उष्णतेने क्वचितच जातो. तो जातो खालच्या तेलकटपणामुळे, गंजामुळे आणि मिठामुळे, आणि वरून सांडलेल्या ब्रेक ऑइलमुळे. डॉट ३ आणि डॉट ४ दोन्ही साधा इनॅमल रंग फुगवून सोलून काढतात.

म्हणून दोन घटकांचा, ब्रशने लावायचा कॅलिपर पेंट घ्या: एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. ऑनलाइन मागवून गावच्या पत्त्यावर आधीच पोचवा. २५० मिलीच्या संचात तुमचे दोन कॅलिपर, त्यांचे ब्रॅकेट (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) आणि मागचे दोन ड्रम दोन-दोन हातांत आरामात होतात. स्प्रेपेक्षा ब्रशचा थर जाड बसतो, उडालेल्या गिट्टीचा मार सोसतो आणि झाकाझाकीही कमी लागते. हार्डनरचा वास कोंडू देऊ नका, मोकळ्या जागेत काम करा, हातमोजे घाला.

रंग आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा. लवकर वाळावा म्हणून हार्डनर वाढवला की थर ठिसूळ होतो. आणि सगळा रंग एकदम कालवू नका. जेवढं ऊन, तेवढा तो भांड्यात लवकर घट्ट होतो. एका वेळी एका चाकापुरताच कालवा.

प्रेषक: मोर्शीकर (बे एरिया)

ताई, कॅलिपर उतरवायलाच हवा का? चाक काढून दिसेल तेवढा भाग रंगवला तर? आणि गावाकडे सगळे डिझेलने किंवा रॉकेलने धुतात, ते ठीक आहे का? आमच्या दर्यापूरच्या गॅरेजवाल्या काकांना हा धागा पाठवला होता, त्यांचं उत्तर खाली जोडतो.

पुढे पाठवलेला निरोप: गॅरेजवाले काका (दर्यापूर)

रामराम मंडळी. डिझेल नोको अन् रॉकेल तं बिलकुल नोको. कॅलिपरच्या आतलं रबर तेलानं फुगते, मंग पिस्टन मांगं येत नाही अन् चाक धरून राह्यते. वरून साफ दिसते, पन चिकनाई तशीच राह्यते, त्याच्यावर रंग धरत नाही. ब्रेक क्लीनरचे दोन डबे घ्या, तेवढे पुरतात. कोरड्या ब्रशनं धूळ उडवू नोका, पयले ओलं करा, ते धूळ छातीत जाची नाही.

दुसरी गोष्ट पान्याची. आपल्या खारपानपट्ट्यात बोरचं पानी खारं. त्यानं धुतलं अन् वाळू देल्लं का लोखंडावर मीठ बसते. त्याच्यावर रंग मारला का पावसाळ्यात फोड येतात अन् फोडाखाली गंज. धुवाले नळाचं गोडं पानी घ्या, अन् शेवटी बॅटरीत टाकाचं डिस्टिल वॉटर ओता. एका चाकाले अर्धा लिटर बस झालं. लगेच फडक्यानं पुसा अन् मंग ब्रेक क्लीनर मारा. कोनी कोनी संडासच्या ॲसिडनं गंज काहाडते. ते फटीत राह्यते, आठ दिवसात पुन्हा गंज. तारेच्या ब्रशनंच घासा, मेहनत लागते.

जॅक सरळ काळ्या मातीवर लावू नोका, धसते. खाली दोन इंची जाड फळी ठेवा. गाडी उचलाच्या पयले चाकाचे नट ढिल्ले करा, मांगच्या चाकाले दोन्हीकून अडन लावा अन् गाडी स्टँडवर घ्या. विटांवर ठेवू नोका, फुटतात. कॅलिपर काहाडला का नळीवर लोंबकळत सोडाचा नाही, तारेनं स्प्रिंगले बांधा.

प्रेषक: पुसदची ताई (डेट्रॉइट)

काकांचा शब्दन् शब्द बरोबर आहे. ब्रेकची सीलं ईपीडीएम रबराची असतात आणि खनिज तेल त्यांचं वैरी. त्याच कारणाने कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनला चाकाचं साधं ग्रीस लावू नका, सिलिकोनचं ब्रेक ग्रीसच लावा.

मोर्शीकर, जागेवर ठेवून रंगवता येतं, पण ब्रश मागच्या कडेपर्यंत पोचत नाही. रंग जिथे अर्धवट संपतो तिथूनच पापुद्रा सुटायला लागतो. मागचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर हातात येतो. ब्रेकची नळी सोडायची गरजच नाही, त्यामुळे हवा काढायचाही प्रश्न नाही.

घासताना आधी तारेचा ब्रश, मग गंजाच्या खड्ड्यांवर ८० नंबरचा कागद आणि शेवटी सगळीकडे १८० चा. चकाकी पूर्ण जायला हवी. गुळगुळीत धातूवर रंग नुसता टेकतो, धरत नाही. यानंतर उघड्या हाताने धातूला शिवू नका, बोटांचा घामसुद्धा नडतो.

काय रंगवायचं नाही हे नीट लक्षात ठेवा. पिस्टनचं रबर, स्लाइड पिन आणि त्यांची रबरी टोपणं, नळी, हवा काढायच्या निपलचं टोक, आणि ब्रॅकेटमध्ये पॅड ज्या खाचांत सरकतात त्या खाचा. खाचांत रंग गेला तर पॅड अडकतो, सतत डिस्कला घासत राहतो आणि मायलेजसकट सगळंच बिघडतं. डिस्कला प्लास्टिकची पिशवी बांधा.

वेळ सकाळी दव वाळल्यानंतरची, साधारण नऊ ते अकरा. दिवाळीच्या सुमाराची हवा या कामाला उत्तम. मे महिन्यात ४५ अंशांत रंग ब्रशखालीच ओढला जातो आणि रेघा राहतात, आणि श्रावणात दमटपणामुळे वर पांढरट झाक येते. दिवाळीच्या दिवसांत मळणीचा भुसा आणि धूळ उडत असते, तेव्हा अंगणात आधी सडा टाका आणि जमीन मुरल्यावरच डबा उघडा. पहिला हात इतका पातळ द्या की खालचा धातू थोडा दिसायला हवा. दुसरा हात डब्यावर दिलेल्या अंतराने. जाड एकच हात दिला तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पहिल्या लांब फेरीत बुडबुडे येतात.

प्रेषक: दर्यापूरकर (टोरांटो)

ताई, काका, मनापासून आभार. दोनच शंका. गाडी कधी बाहेर काढायची? आणि ड्रम कुठपर्यंत रंगवायचा?

प्रेषक: पुसदची ताई (डेट्रॉइट)

किमान २४ तास गाडी हलवू नका. पुढचा आठवडाभर चाकं धुवायची नाहीत. या काळात वर ब्रेक ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

ड्रमचा फक्त बाहेरचा गोल भाग रंगवा. चाक ज्या सपाट भागावर बसतं तो कोरा ठेवा, पुढे डिस्कच्या मधल्या भागाचंही तेच. तिथला रंग नटांच्या दाबाने चेपतो आणि नट ढिले पडतात. मागची बाजू उचलाल तेव्हा हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, तो मागच्याच चाकांना असतो. पुढच्या चाकांना अडण लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा.

कॅलिपर बसवताना पिस्टन आत ढकलाल तेव्हा ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा, भरून वाहिली तर बॉनेटखालचा रंग जाईल. आणि इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबा. पहिल्या एक-दोन दाबांत ते थेट तळाला जातं, त्या अवस्थेत गाडी सरकली तर ब्रेक नाहीच. बोल्ट आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (ठरलेल्या जोराने) घट्ट करा, आणि ५० किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासा. तेव्हा ढिले लागले तर चाक बसतं तिथे रंग गेला आहे. चाक उतरवून तो खरवडून काढा.