मदत हवी आहे: बँकॉकमध्ये घरमालकीणबाई टीएम ३० भरून देत नाहीत

नमस्कार मंडळी, बँकॉकमधल्या अनुभवी लोकांना विचारायचंय.

आम्ही नुकतेच ऑन नुतला नव्या फ्लॅटमध्ये आलो. घरमालकीणबाई वयस्कर आहेत, स्वभावाने फार चांगल्या. सासूबाईंना ताप होता तेव्हा स्वतः फळं घेऊन आल्या. पण टीएम ३० चा, म्हणजे परदेशी भाडेकरूची इमिग्रेशनला नोंद देण्याच्या फॉर्मचा, विषय काढला की हसून "उद्या बघू" म्हणतात, आणि तो उद्या काही येत नाही. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं, असा इथला कायदा आहे. ती मुदत केव्हाच उलटली. माझ्या व्हिसाची मुदतवाढ जवळ आलीय आणि तिथे या नोंदीची पावती मागतात. रात्री झोप लागत नाही.

मला वाटतं, भाड्याच्या उत्पन्नावर कर लागेल अशी त्यांना धास्ती आहे. स्पष्ट नाही म्हणत नाहीत, आणि इथे आवाज चढवून काम तर होत नाहीच, वर संबंध कायमचे बिघडतात. मला ते नकोय.

भाडेकरार, त्यांच्या ओळखपत्राची आणि घराच्या निळ्या नोंदवहीची प्रत घेऊन चाएंग वत्थनाच्या इमिग्रेशन ऑफिसात भाडेकरूने स्वतः फॉर्म भरलाय का कुणी? उशिराचा दंड कुणाकडून घेतात? तो मी आनंदाने भरेन. की सोसायटीच्या ऑफिसमधल्या मॅनेजरला मध्ये घालू?

घरमालकाला द्यायची थाई भाषेतली नम्र चिठ्ठी कुणाकडे असेल तर कृपया पाठवा.