बांगड्याची डोकी कुकरात घातली, पेप्टाइड झाले का?

कुळागरकार (फोंडा): दर रविवारी मडगावच्या बाजारातून बांगड्याची डोकी-आतडी बादलीभर आणतो, माड-पोफळींना घालायला. गुळात मुरवायचं तर तीन आठवडे. तोवर माश्या, मांजरं आणि शेजारीण, तिघांनाही तोंड द्यायचं. कुणीतरी म्हणालं, दाबाखालच्या नुसत्या गरम पाण्याने प्रथिनांच्या लांब साखळ्या तुटून पेप्टाइड, म्हणजे छोटे तुकडे, होतात, आम्ल नको की एन्झाइम नको. घेतला जुना कुकर, दोन तास ठेवला. काटा शिट्टीत अडकला, सेफ्टी प्लग उडाला, रस छताला. उरलेला डबा फ्रीजमध्ये ठेवला म्हणून बायको अजून फुरंगटलेलीच आहे. पण सकाळी रस जेलीसारखा थिजला होता! हेच ना ते पेप्टाइड?

रिअॅक्टरवाला (लॅबमध्ये दाबाच्या भांड्यात हेच काम करणारा): थिजला, म्हणजेच झालं नाही. ते जिलेटिन. कातडी-काट्यांतल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा पीळ सुटला, पण साखळ्या लांबच राहिल्या. लांब आहेत म्हणून तर थिजतात. बारीक तुटल्या असत्या तर फ्रीजमध्येही रस पातळच राहिला असता.

कुकरात जेमतेम १२० अंश. या कामाला साधारण १८० ते २५० लागतात. २०० अंशांना पाण्याची वाफ होऊ द्यायची नाही तर १५-१६ बार (म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तितक्या पट) दाब हवा, २५० ला ४०. दाब स्वतः काही तोडत नाही, पाण्याला पाणी ठेवतो इतकंच. पण इतक्या तापलेल्या पाण्याचा स्वभावच बदलतो. २५० च्या सुमाराला त्यातले आयन (पाण्याचे रेणू फुटून होणारे विद्युतभारित कण) पंचवीसेक पट होतात, म्हणून ते थोडं आम्लासारखं, थोडं अल्कलीसारखं वागतं. आणि वेळ चुकली की पेप्टाइडची अमिनो आम्लं, पुढे अमोनिया. आमच्या लॅबमध्ये सुंगटांच्या (कोळंबीच्या) डोक्यांचा एक घाणा जरा जास्त राहिला. झाकण उघडल्यावर कॉरिडॉर रिकामा झाला. गूळ तर त्यात घालूच नका, काळाकुट्ट काढा होईल.

कुळागरकार: लोखंडी पाइपला दोन्हीकडे झाकणं वेल्ड करून चुलीवर ठेवला तर?

रिअॅक्टरवाला: अहो, नको! २५० अंशांपर्यंत पाणी पावपटीने फुगतं. पाइप काठोकाठ भरला असेल तर वाफ व्हायच्या आधीच फुटेल. आमच्या भांड्याला मोजून जागा मोकळी सोडलेली असते, वर दाब सोडायची चकती, आणि तरीही आम्ही भिंतीपलीकडे उभे राहतो.

माशेलची काकू: मटण शिजेना की आम्ही कच्च्या पपईची फोड टाकतो. डोक्यांना नाही चालणार?

रिअॅक्टरवाला: काकू, अगदी बरोबर. पपईतलं पपेन ५५-६० अंशांना छान चालतं. पपई वाटून घाला, बोट घातलं तर चटका बसेल इतपत गरम चार-पाच तास ठेवा, मग उकळून थांबवा. आतड्यांतही मासळीची स्वतःची एन्झाइमं असतात, गुळाच्या माटात काम त्यांचंच. तुम्ही कुकरात घालून आधी त्यांनाच मारलंत.

कुळागरकार: पपई आहे एक. पण कुंपणावरून शेजारणीच्या बाजूला कललेली. विचारून बघतो.